झिजलेली बाजू

जॅझच्या जुन्या रेकॉर्ड जमवायला लागलो तेव्हापासून एक नियम मी कसोशीने पाळला. झिजलेली रेकॉर्ड घरात आणायची नाही, मग ती कितीही दुर्मिळ असो आणि विकणारा कितीही कमी भावात देत असो. आज तो नियम मी सोडून दिला आहे. एवढंच नव्हे, काही रेकॉर्ड त्या झिजलेल्या आहेत म्हणूनच मी विकत घेतो. रेकॉर्ड जमवणाऱ्या मित्रांना हे विचित्र वाटतं. त्यांना तुटक-तुटक उत्तरं देत आलो, आता सगळं सलग मांडतो.

आधी जुन्या मताची बाजू, कारण ते मत बिनबुडाचं नव्हतं. जॅझमध्ये बारकाव्याला फार मोल आहे. लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनमधला श्वास, झांजेवर ब्रश फिरतो तेव्हाची सळसळ, बासच्या तारेवरून बोट निसटतं तो आवाज, हे सगळं खरखरीखाली गेलं की उरते ती नुसती चाल. म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर मी रेकॉर्ड हातात घेतली की आधी कडेला धरून उजेडात तिरकी करायचो. काळाभोर चकाकणारा पृष्ठभाग दिसला तर पुढचं बोलणं. राखाडी झाक दिसली की रेकॉर्ड परत गठ्ठ्यात. घरी आणल्यावर एलपी असेल तर पाणी आणि थोडं स्पिरिट घालून स्वच्छ करायची. 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डला मात्र स्पिरिटचा थेंबही लागू द्यायचा नाही, कारण ती लाखेची असते आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. ही शिस्त मी मनापासून पाळली आणि तिच्यामुळे माझ्याकडच्या रेकॉर्ड आजही सुरेल वाजतात.

या शिस्तीच्या जोडीला एक उतरंड मनात तयार झाली होती. सर्वांत वर अमेरिकेत छापलेल्या एलपी: ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, डेव्ह ब्रूबेकची 1959 ची ‘टाइम आउट’. त्याखाली त्याच संगीताच्या कोलकात्याच्या डमडम कारखान्यात निघालेल्या एचएमव्हीच्या प्रती. आणि हिंदी सिनेमाच्या 78 च्या रेकॉर्ड कपाटात नव्हत्याच, त्या वडिलांच्या ट्रंकेत होत्या. सिनेमातलं संगीत लिहून दिलेलं असतं, जॅझ वाजवता-वाजवता सुचत जातो, तेव्हा दोहोंची गल्लत नको, असा माझा पक्का समज होता.

मुंबईतल्या जॅझचा इतिहास मला माहीत नव्हता असं नाही. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. 1936 मध्ये क्रिकेट स्मिथच्या बँडने मुंबईत ‘ताजमहाल’ नावाचा फॉक्सट्रॉट रेकॉर्ड केला, त्याची चाल मीना सायलस यांची. मग गोव्याचे आणि मुंबईचे वादक पुढे आले. मिकी कोरिया यांचा बँड ताजमध्ये 1939 पासून दोन दशकं वाजला. हळदोण्याचे अँतोनियो शावियर वाझ ‘चिक चॉकलेट’ म्हणून गाजले आणि त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हटलं गेलं. पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतले नाच ओसरले आणि या वादकांना सिनेमाच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंनी काम दिलं. हे सगळं मी वाचलं होतं आणि मूळ कथेची तळटीप म्हणून बाजूला ठेवलं होतं. मूळ कथा न्यू ऑर्लिन्स, शिकागो, न्यू यॉर्कची, असं मी धरून चाललो होतो.

नोकरी संपल्यावर मावळातल्या तिकोणा पेठ या गावात घर केलं. गड मागे, पवना धरणाचं पाणी समोर, आणि जून ते सप्टेंबर असा पाऊस की कव्हरांवर बुरशी धरते. कपाटात छोटा दिवा पेटता ठेवावा लागतो. पण पावसाळ्यात वीजच जाते, कधी कधी दिवसभर. अशा वेळी माझी सगळी महागडी यंत्रं मुकी होतात आणि वाजतो तो एकच, वडिलांचा चावीचा ग्रामोफोन. त्याच्यावर एलपी लावता येत नाही, त्याची सुई एलपीची खाच फाडून टाकेल. म्हणून ट्रंकेतल्या सिनेमाच्या 78 बाहेर निघाल्या.

गावातले एक आबा पावसापाण्यात ओसरीवर येऊन बसतात. तरुणपणी ते मावळातल्या एका बँडपार्टीत क्लारनेट वाजवत. लग्नसराईत कामशेत, वडगाव, मुळशीकडची गावं अशी त्यांची फिरती असे. एका दुपारी मी ‘अलबेला’तली ‘शोला जो भडके’ची रेकॉर्ड लावली. 1951 चा सिनेमा, संगीत सी. रामचंद्रांचं. ही रेकॉर्ड वडिलांची नव्हती. जुन्या बाजारातून दुसऱ्याच रेकॉर्डसाठी गठ्ठा उचलला, त्यात ती आपोआप आली होती आणि ती मी केव्हाच बाद ठरवली होती. मुखडा ठीक वाजला. मधल्या वाद्यांच्या तुकड्यावर सुई आली आणि खरखर एकदम वाढली. मी उचलायला हात पुढे केला, तर आबा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, साहेब. परत लावा तेवढंच.”

मी परत लावलं. त्यांची बोटं गुडघ्यावर क्लारनेटच्या भोकांवर पडावीत तशी पडत होती. एकही सूर चुकला नाही. “गानं कुनीबी उचलायचं,” ते म्हणाले. “ह्यो पीस उचलाया मास्तर लागायचा. मास्तर सुई उचलायचं, मागं ठिवायचं, आमी ऐकायचो. जमंना तर परत मागं. नवरदेव मारुतीला निगाला की पयलं ह्येच.”

ते गेल्यावर मी ती रेकॉर्ड खिडकीशी नेऊन सवयीने तिरकी धरली. बाकी बाजू बरीच काळी होती. मधोमध मात्र एक राखाडी कडं होतं, रुंदीला जेमतेम पाव इंच. मनात हिशेब केला. मिनिटाला 78 फेरे, म्हणजे वीस सेकंदांच्या तुकड्याला सव्वीस. 78 च्या रेकॉर्डवर इंचाला साधारण शंभर खाचा असतात. सव्वीस खाचांची रुंदी पाव इंचच भरते. गाणं झिजलं नव्हतं, तेवढा तुकडा झिजला होता. चावीच्या ग्रामोफोनच्या सुईवर शंभर ग्रॅमहून जास्त भार असतो, एलपीच्या सुईवर दीड-दोन ग्रॅम. त्या भाराखाली कुणीतरी तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला होता. तो आबांच्याच मास्तरांनी वाजवला असं मी म्हणणार नाही, ते ठरवायला काही मार्ग नाही. पण कुणीतरी तो शिकण्यासाठी वाजवला होता याबद्दल मला शंका उरली नाही. नुसतं ऐकणारा माणूस गाणं पहिल्यापासून लावतो.

तिथून माझं मत हललं. कारण जॅझ स्वतः असाच पसरला आहे आणि हे मी आधीपासून वाचत आलो होतो. पहिली जॅझ रेकॉर्ड 1917 मध्ये निघाली. बिक्स बायडरबेक नावाच्या मुलाने घरात भावाने आणलेल्या ती रेकॉर्ड काढणाऱ्याच बँडच्या रेकॉर्डबरोबर वाजवत कॉर्नेट शिकून घेतलं. चार्ली पार्कर 1937 च्या उन्हाळ्यात ओझार्कच्या डोंगरात कामाला गेला, तेव्हा लेस्टर यंगच्या रेकॉर्ड सोबत नेल्या आणि त्यातले सोलो सुरासुराने घोटले. त्याच्या त्या रेकॉर्ड आज मिळाल्या तर त्या कशा दिसतील? ठरावीक जागी राखाडी झालेल्या. आणि मी त्या जुन्या बाजारात तिरक्या धरून परत गठ्ठ्यात टाकल्या असत्या.

आणखी एक गोष्ट तेव्हाच नीट उमगली. न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझ जन्मला तो बँडपार्टीच्या पोटी. मिरवणुका, सण, अंत्ययात्रा यांत वाजणाऱ्या पितळी वाद्यांच्या ताफ्यांतून. लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेट शिकला तो मुलांच्या सुधारगृहाच्या बँडमध्ये. आपल्याकडे गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवली जाई. तिथून चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक आणि संयोजक मुंबईला आले. त्यांनी हॉटेलात अमेरिकन वादकांना ऐकलं, रेकॉर्ड ऐकल्या आणि ते सगळं सिनेमाच्या गाण्यांच्या मधल्या जागांत भरलं. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजेच सी. रामचंद्रांनी, ते आनंदाने आपल्या चालींत घेतलं. तिथून ते रेकॉर्डवर गेलं, रेकॉर्डवरून बँडमास्तरांच्या कानात आणि तिथून मावळातल्या वरातींत. म्हणजे मिरवणुकीतून निघालेलं संगीत समुद्र ओलांडून पुन्हा मिरवणुकीतच आलं. ‘अलबेला’चे नायक भगवानदादा यांची ती सैल, खांदे उडवणारी चाल आपण गणपतीच्या मिरवणुकीत अजून नाचतो. तिकोणा पेठेत जॅझ मी आणला असं मला वाटत होतं. तो माझ्या कितीतरी आधी क्लारनेट, बाजा आणि खुळखुळे घेऊन येऊन गेला होता.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो माझाच जुना आक्षेप आहे: हे तुकडे लिहून दिलेले होते, बँडवाल्यांनी ते जसेच्या तसे घोटले, मग यात जॅझ तो कुठे? त्याचं उत्तर मला एलिंग्टनकडे मिळालं. 1963 मध्ये तो मुंबईत वाजवून गेला. त्याच्या संगीतातला मोठा भाग लिहिलेलाच असे, पण तो लिहायचा ठरावीक वादकाच्या ठरावीक आवाजासाठी. वादक बदलला की तोच कागद वेगळा वाजे. आबांनाही मी विचारलं की तो पीस कायम एकसारखाच वाजवायचात का. ते म्हणाले, वरात पारापाशी थांबली, पोरं नाचाला पेटली की मास्तर डोळ्यांनी खुणावायचे आणि मग तेच सूर वळवून वळवून लांबवायचे, नवरदेवाचा पाय पुढे पडेपर्यंत. ख्याल ऐकणारा माणूस याला बढत म्हणेल. जॅझ ऐकणाऱ्याला याहून वेगळं काय हवं असतं?

‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतात. ते सी. रामचंद्रांचे साहाय्यकही होते. रेकॉर्डच्या लेबलवर मात्र सिनेमाचं नाव, गायकांचं नाव, संगीतकाराचं नाव एवढंच. क्लारनेट कुणाचं, ट्रंपेट कुणाचं, काही नाही. चिक चॉकलेट यांच्या स्वतःच्या बँडच्या नावाने रेकॉर्ड निघाल्या, पण बहुतेक वादकांच्या वाट्याला तेही आलं नाही. 1968 मध्ये शंकर-जयकिशन यांची ‘राग जॅझ स्टाइल’ निघाली, अकरा राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. त्यानंतर दहा वर्षांनी, 1978 मध्ये निरंजन झवेरींनी मुंबईत जॅझ यात्रा सुरू केली आणि भारतीय जॅझला हक्काचा मंच मिळाला. पण 1968 च्या आधीच्या दोन दशकांत जे वाजलं ते बिनानावाच्या तुकड्यांत विखुरलेलं आहे. ते तुकडे कुणी मोलाचे मानले, हे जिथे लेबल सांगत नाही तिथे झीज सांगते.

म्हणून आता माझं कपाट वेगळं लागतं. एलपींना मी अजूनही जपतो. स्वच्छ प्रत मिळाली तर तीच घेतो, आणि ‘टाइम आउट’ खरखरीत ऐकण्यात मला आनंद नाही. पण सिनेमाच्या 78 ट्रंकेतून निघून एलिंग्टनच्या शेजारी उभ्या आहेत. नवी रेकॉर्ड आली की नुसती राखाडी झाक बघून थांबत नाही, ती नेमकी कुठे आहे ते बघतो. झीज सगळीकडे सारखी असेल तर ती काळाची. एकाच जागी असेल तर ती माणसाची, आणि अशी रेकॉर्ड मी सोडत नाही. कव्हरवर पेन्सिलने तो तुकडा कुठे येतो, रेकॉर्ड कुठल्या गावातून आली, आधी कुणाच्या घरी होती, जे कळेल ते लिहितो. वाजवायची ती एकदाच, संगणकावर ध्वनी उतरवून घ्यायला.

वाचकांना माझं एक मागणं आहे. मावळात, मुळशीत, कुठल्याही गावात जुन्या बँडपार्टीच्या घरी फुटक्या-तुटक्या, खरखरणाऱ्या रेकॉर्ड पडून असतील तर त्या भंगारात घालू नका. आणि ज्यांनी त्या घोटल्या ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा रेकॉर्ड बघण्याआधी त्यांच्यापाशी बसा आणि कुठला पीस, कुठल्या मास्तरांकडून, कुठल्या गाण्यातला, हे विचारून लिहून ठेवा. रेकॉर्ड उद्याही मिळेल. ती शिकलेली माणसं मिळणार नाहीत.