एका सफरचंदावर चार दिवस

मुलांना गोष्ट सांगणे हे कॉलेजात व्याख्यान देण्यापेक्षा पुष्कळच कठीण काम आहे. वर्गातली मुले निदान हजेरीसाठी तरी बसून राहतात. घरातली मुले कंटाळली की खुशाल उठून जातात. त्यातून गोष्ट 'खरीखुरी' हवी अशी अट असली, म्हणजे मग सांगणाराचीच परीक्षा!

मी मराठी शिकवतो. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' शिकवताना दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "सर, हा इंग्रज माणूस गोव्यात ओव्या का रचीत बसला?" मग मला राणी एलिझाबेथच्या इंग्लंडात शिरावे लागते. तिथे कॅथलिक पंथ उघडपणे पाळण्याची सोय उरली नव्हती. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास पोचला. मागे राहिलेल्यांचे दिवस अधिकच कठीण आले. परदेशी दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने इंग्लंडात नुसते राहणे हा १५८५ च्या कायद्याने राजद्रोह ठरला, आणि त्याला आसरा देणाराही फाशीला पात्र झाला. कॅथलिक घरांतली मुले त्या काळच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आली आहेत. त्यांतली एक मी आमच्या घरी आणली.

गोष्टीचा नायक ना सरदार, ना धर्मगुरू. निकोलस ओवेन हा ऑक्सफर्डच्या एका सुताराचा मुलगा. अंगाने इतका लहानखुरा की त्याला 'लिटल जॉन' असे थट्टेचे नाव पडले होते. शिवाय एका पायाने लंगडा. त्याचे काम एकच, मोठमोठ्या वाड्यांतून धर्मगुरूंना लपण्याच्या जागा करून देणे. दिवसा तो सर्वांदेखत किरकोळ डागडुजी करी, आणि रात्री, सगळे झोपले म्हणजे, एकटाच भिंती फोडीत बसे. जिन्याच्या पायरीखाली, धुराड्याच्या आड, जाड भिंतीच्या पोटात तो खोपटे करी. दोन जागा कधी सारख्या नसत, कारण एकीचा शोध लागला तर दुसरी वाचली पाहिजे! जवळजवळ अठरा वर्षे त्याने हे काम केले. हार्विंग्टन हॉल नावाच्या वाड्यातल्या त्याच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या काही जागा आजही पाहायला मिळतात.

१५९४ मध्ये तो पकडला गेला. हाल झाले, पण तोंडातून शब्द निघाला नाही. हा माणूस कोण हे ओळखता न आल्यामुळे अधिकाऱ्यांनी पैसे घेऊन त्याला सोडून दिले. १५९७ मध्ये फादर जॉन जेरार्ड लंडनच्या टॉवरमधून दोरावरून खंदक ओलांडून निसटले. त्या बेतामागेही ओवेनच होता, असे मानतात.

मग नोव्हेंबर १६०५ मध्ये पार्लमेंट सुरुंगाने उडवण्याचा काही कॅथलिकांचा कट उघडकीस आला आणि धरपकडीला ऊत आला. जानेवारी १६०६ मध्ये हिंडलिप नावाच्या वाड्याला शिपायांचा वेढा पडला. ओवेन आणि त्याचा सोबती एका सफरचंदावर चार दिवस लपून राहिले, आणि शेवटी बाहेर आले. आपल्यालाच धर्मगुरू समजून शोध थांबावा, असा त्याचा हेतू असावा असे म्हणतात. तो साधला नाही. आत लपलेले फादर गार्नेट पुढे काही दिवसांनी सापडलेच. मार्च १६०६ मध्ये टॉवरमध्ये छळ सोसताना ओवेन मेला. साऱ्या जागा त्याला ठाऊक होत्या. त्याने एकही सांगितली नाही. १९७० मध्ये रोमने त्याला संत म्हणून घोषित केले.

"म्हणजे आपला शिवा काशीदच की!" माझा मुलगा म्हणाला. मला बरे वाटले. पण धाकटीने विचारले, "बाबा, मग यातली वाईट माणसे कोण?"

आता आली का पंचाईत! ओवेनला मारणारे प्रॉटेस्टंट. पण त्याआधी, १५५३ ते १५५८ या काळात, कॅथलिक राणी मेरीने सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळले होते. त्यांच्याही मुलांना त्यांच्या वीरांच्या गोष्टी आहेत. आणि इतक्या दूर तरी कशाला जा? खुद्द स्टीफन्सच्या साष्टीत, कुंकळ्ळीला, १५८३ मध्ये गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेले फादर अक्वाविवाही होते. कॅथलिक मुलांच्या पुस्तकात हे पाच हुतात्मे. पण त्याआधी गावाची देवळे पाडली गेली होती, आणि नंतर गावच्या मुखत्यारांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी कापून काढले. कुंकळ्ळीचे लोक स्मारक बांधून आठवण ठेवतात ती या मुखत्यारांची. एकाच गावच्या मातीत दोन पुस्तकांचे वीर!

मी हे सारे धाकटीला सांगितले; तिला कळेल तेवढे. अशी गोष्ट अर्धी सांगितली तर मुले शूर होतील की नाही कोण जाणे, पण द्वेष करायला मात्र लवकर शिकतील. थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "पण त्या सुताराने तर कोणालाच मारलं नाही ना?"

नाही, बाळ. त्याच्यापाशी हातोडी होती, पटाशी होती. तिने त्याने भिंती फोडल्या, त्या माणसे वाचावीत म्हणून. कोणत्याही धर्माच्या मुलाला ही गोष्ट सांगायला माझी हरकत नाही.