योग यावा लागतो!

कल्याणच्या पुढे घर करणाऱ्या माणसाला नास्तिक राहणे परवडत नाही. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या बाजूची आम्ही मंडळी सकाळी घड्याळ बघतो ते निव्वळ सवय म्हणून. लोकल वेळेवर आली तर योग, नाही आली तर ईश्वरेच्छा! 'योग यावा लागतो' हे वाक्य आमच्या फलाटांवर जितके ऐकू येते तितके देवळातसुद्धा येत नसेल.

आमच्या घरचा योग मात्र गेली सात वर्षे बदलापुरात, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर अडकून पडला आहे. पैसे भरले तेव्हा दोन वर्षांत ताबा मिळायचा होता. आई तेव्हा चौऱ्याहत्तरची होती, आता एक्याऐंशीची आहे. लहानपण मामाच्या घरी आणि संसार भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेल्या या बाईला एकदा स्वतःच्या उंबरठ्यावर रांगोळी काढायची आहे. मागणे एवढेच. पण उंबरठ्याला आधी दार लागते, आणि दाराला भिंत!

बिल्डर मोठा भाविक. त्याच्या टेबलावर इतके देव बसलेत की आमची फाईल ठेवायला जागा नाही. मी गेलो की तो डोळे मिटतो आणि म्हणतो, "साहेब, देवाच्या मनात असेल तेव्हाच होणार. आपण कोण?" हप्त्याच्या बाबतीत मात्र त्याचा देव भलताच वक्तशीर! महिन्याच्या पाच तारखेला तो कधी चुकल्याचे मला आठवत नाही.

मनाची समजूत घालावी म्हणून मी अंबरनाथच्या महादेवाकडे गेलो. या देवळाचे काम शिलाहार राजा छित्तराजाने काढले आणि ते पुरे झाले धाकटा भाऊ मुम्मुणी गादीवर असताना, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मध्ये, असे शिलालेखावरून मानतात. म्हणजे प्रत्यक्ष महादेवाला ताबा मिळाला तेव्हा बिल्डर बदलला होता! त्यातून आज पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे तर डोक्यावर शिखर नाही, थेट आकाश. देव तसाच बसला आहे, तक्रार नाही. मला फार बरे वाटले. घरी येऊन आईला सांगितले. ती म्हणाली, "अरे, तो महादेव आहे. त्याला पावसात भिजून सर्दी होत नाही."

बोलणे संपले!

मग मला शेजारचे उल्हासनगर आठवले. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन पडली. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या बराकी. दोन कुटुंबांच्या मधे गोणपाटाचा पडदा. चार महिन्यांत परत जाऊ, या आशेवर कितीजणांनी घराच्या किल्ल्या जपून ठेवल्या असतील! परतीचा योग आला नाही. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. आता, ही माणसे देवाची वेळ येईपर्यंत हात जोडून बसली होती का? हात जोडले असतील, पण सकाळी. दुपारी त्याच हातांनी पापड लाटले, कापड विकले, शिवणयंत्र चालवले.

आणि ती महालक्ष्मी एक्सप्रेस? २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली गाडी बदलापूर-वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुरात अडकली. आत सुमारे हजार माणसे, त्यांत गरोदर बायकासुद्धा. कोणाला अंबाबाईच्या दर्शनाला जायचे असेल, कोणाला नुसते घरी. डब्यात बसलेल्याने 'देवीच्या मनात नसेल' म्हणावे. त्याला धीर येतो. पण काठावरच्या माणसाने ते म्हणून चालत नाही. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफचे जवान रबरी होड्या घेऊन आले, नौदल आले, आसपासचे गावकरी धावले आणि गाडी रिकामी झाली. त्यांच्यापैकी एकानेही 'योग यावा लागतो' म्हटल्याचे ऐकिवात नाही.

तर वाचकहो, सात वर्षांच्या तपश्चर्येतून मला एवढेच कळले. देवाच्या वेळेवर भरवसा ठेवावा तो आपल्या उशिरासाठी. दुसऱ्याच्या उशिराला ते औषध द्यायचे नसते. तिथे आपण पळायचे असते. विठ्ठलवाडीचे स्टेशन गेले की मला पुंडलिक आठवतो. दारात साक्षात पांडुरंग आला, तर याने वीट फेकली आणि सांगितले, थांब, आईबापांची सेवा चालली आहे. देव थांबला! आणि इथे आमचा बिल्डर देवाचे नाव सांगून माझ्या आईला थांबवतो.

हे मी आईला ऐकवले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग पुंडलिका, महारेरात तक्रार का करत नाहीस?"

"अगं, पण तूच म्हणतेस ना, देवावर विश्वास आहे म्हणून?"

"आहेच. पण अर्जावर सही करायला काय देव येणार आहे?"

अर्ज केला. त्याची पावती आईने देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी ठेवली आहे. रोज सकाळी एक फूल देवाला आणि एक पावतीला. रांगोळीचा डबाही तिने भरून ठेवला आहे. सौ. म्हणते, "सादळेल हो!" आई म्हणते, "सादळू दे, दुसरी आणू."

सुनावणीची तारीख श्रावणातली पडली आहे, तीही सोमवारची. आई म्हणाली, "योग चांगला आहे." आणि मी उठताना पुढे म्हणाली, "पण कागदांच्या दोन-दोन प्रती घेऊन जा."