बियाण्याचं वांगं आणि तळहाताएवढं पापलेट

काल जळगावच्या बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेटं स्वस्तात मिळत होती. घ्यावीशी वाटली, पण घेतली नाहीत.

आपण भरिताची वांगी पिकवणारी माणसं. सगळी वांगी तोडत नाही. चांगलं एखादं बियाण्यासाठी झाडावरच पिकू देतो.

2023 मध्ये सरकारनं पापलेटला राज्यमासा केलं. पूर्वी आपलं आणि चीनकडचं रुपेरी पापलेट एकच समजत. डीएनए तपासल्यावर कळलं, आपल्याकडची जात वेगळी आहे. म्हणजे इथलं संपलं, तर तिकडून बी आणून भागणार नाही.

अंडी घालायच्या आधीच पिल्लं जाळ्यात आली, तर समुद्रात बियाणं उरेल का?

धुळे-जळगावपासून समुद्र लांब आहे, पण गिऱ्हाईक तर आपणच ना? बारकी पापलेटं घेऊच नका, भाऊ.