लिंबूटिंबू नको

सागरगोटे खेळणारा हात मी मन लावून बघते. एक गोटा वर जातो, डोळे त्याच्या मागे जातात आणि तेवढ्यात बोटं खालचे गोटे वेचतात. आधी वेचलेले गोटे करंगळी आणि अनामिका तळव्याशी दाबून धरतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट पुढच्या गोट्यासाठी मोकळं राहतं. पंजाला कामाची ही वाटणी जमली, की बटण लावणं आणि पेन्सिल फिरवणं सोपं जातं. म्हणून ‘अक्षर वाईट’ अशी तक्रार घेऊन आलेल्या मुलाला मी लगेच वही देत नाही. आधी त्याच्यासोबत फरशीवर बसते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. भारतात या थेरपीचं शिक्षण १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकरांमुळे. इतकी वर्षं उलटली, तरी पालक आजही विचारतात, “नुसतं खेळून काय होणार? व्यायाम सांगा ना.”

त्यांची घाई मला समजते. पण सेरेब्रल पाल्सीमुळे डावी बाजू कडक झालेल्या मुलीला “डावा हात वापर” म्हटलं, की तो हात एकदा पुढे येतो आणि पुन्हा मांडीवर जाऊन पडतो. तीच मुलगी भातुकलीत खिचडी ढवळायला लागली आणि पातेलं घसरलं, की डावा हात आपणहून पातेलं धरायला येतो. मग मी पातेलं थोडं जड देते, पुढे डब्याचं घट्ट झाकण. खेळ तिचा, वजन ठरवणं माझं. तिने मध्येच खिचडीचा चहा केला तर चहा. “दहा वेळा ढवळ” म्हटलं, की तो खेळ राहत नाही, आणि मुलांना ते क्षणात कळतं.

घरच्या कामांत आम्ही शेवटाकडून सुरुवात करतो. शर्टाचं बटण आईने काजातून अर्धं काढायचं, शेवटचं ओढणं मुलाचं. ते जमलं, की त्याच्या आधीची पायरीही त्याच्याकडे. प्रत्येक वेळी काम पुरं होतं ते त्याच्याच हातून. सकाळी रिक्षा दारात उभी असताना मात्र आईनेच बटणं लावावीत. सराव संध्याकाळी करावा, कपडे बदलताना.

सगळ्यात जास्त मला काळजी वाटते ती अंगणातल्या खेळाची. व्हीलचेअरवरच्या मुलाला सोसायटीतली मुलं प्रेमाने घेतात, पण लिंबूटिंबू म्हणून. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. हे मला मान्य नाही. अशाच एका मुलासाठी लगोरीच्या ठिकऱ्या स्टुलावर रचायचं ठरलं. ती युक्ती मुलांचीच होती. मी फक्त त्याचा हात कुठवर पोचतो ते पाहून स्टुलाची उंची सांगितली. तो बाद झाला, चिडला, नेम चुकला म्हणून भांडला. आता त्याला स्टूल आणखी बुटकं हवंय, कारण उंचावरच्या ठिकऱ्या पाडणं फार सोपं आहे, असं बाकीच्यांचं म्हणणं. म्हणजे त्याला कंबरेतून वाकून, तोल सावरून पुन्हा सरळ व्हायला जमलं पाहिजे. सध्या आमचा सगळा तास त्यातच जातो.