खाऱ्या समुद्रातलं गोड पाणी

पाठीवर पिशवी टाकून धाराशिवहून निघालो, तीन गाड्या बदलून मुरूडजवळच्या राजपुरीला पोहोचलो. दारांपुढे मासळी वाळत होती. अरबीत जझीरा म्हणजे बेट. त्याचाच जंजिरा झाला. शिडाच्या होडीने किल्ल्यात गेलो. चहूकडे खारं पाणी, आत मात्र गोड्या पाण्याचे दोन तलाव! सिद्दींचं संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, तलाव राहिले.

परतताना होडीवाल्या चाचांनी विचारलं, "मास्तर, तुमच्याकडे टँकर येतो ना?"

"येतो. पण पाऊस पडला की आम्ही विसरतो."

चाचा म्हणाले, "समुद्रात राहणाऱ्याला विसरून चालत नाही."

घरी आलो आणि वुजूसाठी नळाऐवजी लोटा घेतला. आता मुलंही लोटाच मागतात.