तंजावरास दोन दिवस

ज्यास कधी डोळ्यांनी पाहिले नाही अशा मनुष्याविषयी मनात स्नेह उत्पन्न व्हावा, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हती. दमयंतीने नळराजास प्रथम हंसाच्या मुखाने जाणले, आणि रुक्मिणीने न पाहिलेल्या श्रीकृष्णाकडे ब्राह्मणाहाती निरोप धाडला. हंसाने व ब्राह्मणाने जे काम केले, तेच हल्ली संगणकाचा पडदा करितो. तथापि पडद्यावरील ओळखीस घरातील वडीलधारी माणसे संशयाने पाहतात, आणि तो संशय अगदीच निराधार आहे असेही म्हणवत नाही. म्हणून तीन वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर एका अदृष्ट स्नेह्याच्या घरी दोन दिवस राहून आलो, त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहे.

हे गृहस्थ तंजावरचे. वय माझ्याच आसपास. रेल्वेतील नोकरी करून निवृत्त झालेले. एका व्रताच्या संकल्पातील शब्दाविषयी त्यांनी शंका विचारली व मी उत्तर धाडले, तेथून ओळख झाली. त्यांची बोलण्याची भाषा मराठी, परंतु शाळेत ते तमिळ व इंग्रजी शिकले. देवनागरी लिपी त्यांस उतारवयात संस्कृतच्या निमित्ताने आली. मला तमिळ येत नाही आणि माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. यामुळे आमचा पहिला वर्षभराचा व्यवहार संस्कृतातच चालला. दोन मराठी माणसांनी एकमेकांची विचारपूस गीर्वाणवाणीत करावी, याची आम्हां दोघांसही मौज वाटे. पुढे एके दिवशी त्यांनी भीतभीत चार ओळी मराठीत लिहिल्या, आणि त्या वाचताना माझ्या आजोळच्या वृद्ध माणसांचे बोलणे कानी आल्यासारखे झाले.

गेल्या माघात माझ्या कन्येकडे चेन्नईस गेलो असता त्यांचे आग्रहाचे निमंत्रण आले. शुक्रवारी रात्री एगमोर स्थानकावरून गाडीत बसलो. तंजावर तेथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. पहाटे जाग आली तेव्हा दोहो बाजूंस भाताची हिरवी खाचरे, मधून मधून कावेरीचे फाटे व नारळीच्या रांगा दिसत होत्या. कुंभकोणम् स्थानक आले तेव्हा सर टी. माधवराव यांची आठवण झाली. त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारा हा पुरुष 1828 मध्ये याच गावी एका तंजावरी मराठी कुटुंबात जन्मला.

या मुलखात मराठी माणूस आला कसा, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. शहाजीराजांचे पुत्र व शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1675-76 च्या सुमारास तंजावर हस्तगत केले. त्यांच्यामागून शिपाई, कारकून, शास्त्री, पुराणिक व कीर्तनकार आले. रामदासी संप्रदायाचे मठ तंजावर व मन्नारगुडी येथे स्थापन झाले. सुमारे 180 वर्षे हे राज्य टिकले. 1855 मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्रावाचून निवर्तले आणि कंपनी सरकारने संस्थान खालसा केले. त्यानंतर येथील मराठीस ना दरबार उरला, ना शाळा. तरीही ती अद्याप घरात बोलली जाते.

स्थानकावर स्नेही उभे होते. छायाचित्रे पाहिली असल्याने ओळखण्यास अडचण पडली नाही. परंतु प्रत्यक्ष बोलण्यास आरंभ करताच दोघेही क्षणभर अडखळलो, कारण लिहिण्यात इतके जवळ आलेलो आम्ही एकमेकांच्या आवाजास नवखेच होतो. त्यांचा सूर पूर्णपणे तमिळ, शब्द मात्र देशावरचे.

घरी त्यांच्या मातोश्री झोपाळ्यावर बसल्या होत्या. वय नव्वदीचे, दृष्टी मंद झालेली, कान मात्र तीक्ष्ण. मी शाळामास्तर असे कळताच त्यांनी मला 'वाद्यार' म्हणण्यास आरंभ केला. हा तमिळ शब्द मूळ आपला 'उपाध्याय'च होय. "वाद्यार, तुमच्या गावात सगळे मराठीच बोलतात काय? रस्त्यावरही?" असा त्यांचा पहिला प्रश्न. होय म्हणताच त्या किंचित थांबल्या आणि म्हणाल्या, "मग तेथे भांडणही मराठीतच होत असेल!" आम्ही सर्व हसलो, पण तो विनोद नव्हता. त्यांच्या उभ्या आयुष्यात मराठी ही उंबरठ्याच्या आतली भाषा होती. बाजार, शाळा व कचेरी ही सर्व तमिळची.

भोजन केळीच्या पानावर झाले. डांगर पचडी, कायरस व आंबट भाजी हे येथील मराठी घरांतील खास पदार्थ. चिंच, मेथी व खोबरे यांचा हात दक्षिणेचा, पदार्थांची नावे मात्र बव्हंशी आपल्या ओळखीची. दुपारी आम्ही राजवाडा पाहावयास निघालो. वाटेत 'मानोजीअप्पा वीथी' असे नाव ऐकून मी थांबलो, तेव्हा स्नेही म्हणाले, "येथील लोकांस हे नाव तमिळच वाटते."

राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. त्याचा आरंभ नायक राजांच्या वेळचा. परंतु त्यास आजचे वैभव दिले ते दुसऱ्या सरफोजी राजांनी (1777–1832). ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेला हा राजा अनेक भाषांचा जाणकार होता. काशीयात्रेस गेला तेव्हा तेथूनही त्याने पोथ्या जमविल्या. आज ग्रंथालयात चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. ताडपत्रे व कागद, संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी. मोडीतील दप्तरे निराळीच. 1918 पासून हा ठेवा लोकांस खुला आहे. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी रचिलेल्या नाटकांची हस्तलिखिते येथे आहेत, आणि ती विष्णुदास भावे यांच्या 1843 च्या 'सीतास्वयंवरा'हून सुमारे दीडशे वर्षे जुनी आहेत. त्यांच्या 'पंचभाषाविलास' नाटकात संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी व हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगभूमीवर बोलतात.

हा व्यवहार एकमार्गी नव्हता. तंजावरचे कृष्ण भागवतर (1841–1903) यांनी मराठी कीर्तनाचे वळण तमिळ हरिकथेत आणिले, आणि साकी, दिंडी, ओवी ही नावे त्या कथेत रूढ झाली. आपण दिले ते तेथे रुजले, आणि तेथले आपल्या लोकांनी पानावर व जिभेवर घेतले.

सायंकाळी बृहदीश्वराच्या दर्शनास गेलो. राजराज चोळाने हे मंदिर 1010 च्या सुमारास पूर्ण केले. सुमारे दोनशे फूट उंचीचे ते पाषाणाचे विमान मावळतीच्या उन्हात तांबूस दिसत होते. त्याचे वर्णन अनेकांनी केले आहे. मी ते पुन्हा करीत नाही. आम्हांस पाहावयाची होती ती प्राकाराच्या नैर्ऋत्य भागातील भिंत. सरफोजींच्या आज्ञेवरून 1803 मध्ये बाबूराय नावाच्या त्यांच्या चिटणिसाने लिहिलेला भोसले वंशाचा इतिहास तेथे देवनागरी अक्षरांत, मराठी भाषेत कोरलेला आहे. ओळीमागून ओळ, शिळेमागून शिळा, असा तो लांबच लांब लेख आहे. मी मोठ्याने वाचू लागलो. शेजारून यात्रेकरूंची रीघ चालली होती. कोणी कौतुकाने पाहत, कोणी पुढे जात. स्नेही म्हणाले, "लहानपणापासून या भिंतीपाशी खेळलो, पण ही आपल्या घरात बोलतात तीच भाषा आहे, हे मला पन्नाशीनंतर कळले."

रविवारचा दिवस मात्र मी ज्यासाठी गेलो होतो त्या कामी लागला. स्नेह्यांनी पेटीतून एक जीर्ण वही काढली. ती त्यांच्या आजीने लिहिलेली. तीत मंगळागौरीची, डोहाळ्यांची, पाळण्याची व लग्नातील अशी एकसष्ट मराठी गाणी; पण सर्व तमिळ लिपीत, कारण त्या बाईस दुसरी लिपी येतच नव्हती. आता या लिपीची गोष्ट अशी की क, ख, ग, घ या चारींस तीत एकच अक्षर. ट-वर्ग, त-वर्ग व प-वर्ग यांचेही तसेच. तमिळ भाषेस याहून अधिक अक्षरांची गरज नाही; मराठीची मात्र त्यामुळे पंचाईत होते. कडी, खडी, गडी आणि घडी हे चारी शब्द त्या वहीत एकसारखेच दिसतात. तार, दार आणि धार यांतही भेद नाही. लिहिणारीस तो भेद सांगावयाचे कारण नव्हते. गाणे तिला पाठच होते.

आमची व्यवस्था अशी बसली: स्नेही तमिळ अक्षरे वाचीत, मातोश्री ऐकून शब्द नक्की करीत, आणि मी देवनागरीत उतरून घेई. एका ठिकाणी स्नेह्यांनी 'गडी' म्हणून वाचले. मातोश्रींनी झोपाळा थांबविला. "गडी नव्हे रे, घडी. लुगड्याची घडी. गडी कशाला येईल मंगळागौरीत?" कोठे कोठे त्या वाचन थांबवून संपूर्ण गाणेच म्हणत, तेव्हा वहीत नसलेले एखादे कडवेही निघे. दुपारपर्यंत तेवीस गाणी झाली. दोन स्थळी मात्र त्यांनी पुष्कळ आठवून पाहिले, ओठ हलविले, आणि शेवटी मान हलविली. "ही ओळ सासूबाई म्हणत. मी नुसता टाळ्यांचा ठेका धरी." तेथे मी कोरी जागा ठेविली. ती आता भरून निघेल असे वाटत नाही.

मंदिराच्या भिंतीवरील लेखास दोनशे वर्षे होऊन गेली. तो दगडात आहे, त्याची लिपी जाणणारे पुष्कळ आहेत, आणि ग्रंथालयातील पोथ्यांस सरकारचे कुलूप आहे. या वहीची किल्ली मात्र नव्वद वर्षांच्या एका वृद्धेच्या स्मरणात आहे, अन्यत्र कोठे नाही. स्नेह्यांची मुले परदेशी आहेत. नातवंडांस मराठी चार शब्दांपलीकडे येत नाही. याबद्दल त्यांनी कोणास दोष दिला नाही. "सून तमिळ, गाव परका, शाळा इंग्रजी, मुलांनी कोठून शिकावे?" एवढेच ते म्हणाले. ते शांतपणे बोलले, म्हणूनच मला अधिक लागले.

रात्रीच्या गाडीने मी परतलो. निघताना ठरले त्याप्रमाणे दर शनिवारी सायंकाळी तासभर पडद्यावरून हे काम पुढे चालते. हे लिहीत असता चव्वेचाळीस गाणी पूर्ण झाली आहेत. मातोश्रींचा आवाज कधी लवकर थकतो. मग आम्ही दोन गाण्यांवरच थांबतो.

आपल्या घरांतून लिपीची अडचण नाही, शाळा आहेत, छापखाने आहेत. तरीही आजीची गाणी, तिच्या म्हणी, तिने सांगितलेली कुळाची हकीकत कितीजणांनी उतरून ठेविली आहे? वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे वृद्ध माणूस असेल, त्यांनी येत्या रविवारी एक वही व लेखणी घेऊन त्याच्याजवळ बसावे. मुलांसही जवळ बसवावे. लिहिण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे. न समजलेला शब्द तेथल्या तेथे विचारावा, पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.