अब्बांचा उजवा खांदा

नमाजेला उभं राहिलं की हात कानापर्यंत उचलायचे, तकबीर म्हणायची आणि हात बांधायचे. गेल्या वर्षी अब्बांचा उजवा हात छातीपाशीच अडकू लागला. चाळीस वर्षं मान वर करून लोकांची छतं रंगवली, म्हणून असेल, असं म्हणून त्यांनी तेल चोळलं. रात्री त्या कुशीवर झोपता येईना, तेव्हा एमआरआय काढला. 'रोटेटर कफ' फाटला होता.

डॉक्टरांनी हाडांचा नमुना समोर ठेवला. खांद्याच्या फऱ्यापासून निघालेल्या चार स्नायूंच्या कंडरा दंडाच्या हाडाचा गोल माथा धरून ठेवतात. तीन मोठ्या उंचवट्यावर जोडलेल्या, चौथी पुढच्या लहान उंचवट्यावर. अब्बांची वरची, सुप्रास्पायनॅटसची कंडरा हाडापासून सुटली होती.

"शिवून टाका मग," अब्बा म्हणाले.

"शिवू. पण ती हाडाला धरायला हवी. मऊ कंडरा एकदम कडक हाडाला चिकटलेली नसते. मध्ये आधी तंतुमय कूर्चा, मग कॅल्शियम साचलेली कूर्चा, त्यानंतर हाड."

"प्लास्टरवर पुट्टी, पुट्टीवर प्रायमर, मग रंग. मधलं गाळलं की पोपडे."

"अगदी तसंच. आणि ते मधले थर आम्हाला देता येत नाहीत. तिथे वणाची ऊती भरते. म्हणून काही वेळा शिवलेलं पुन्हा सुटतं."

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. हाडात छोटे अँकर बसवले आणि त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा मूळ जागी ओढून बांधली. सहा आठवडे हात पट्ट्यात. नमाज खुर्चीवर बसून, सजदा इशाऱ्याने.

चौथ्या आठवड्यात फजरला उठलो, तर पट्टा खुर्चीवर आणि अब्बा सजद्यात, दोन्ही हातांवर भार देऊन. त्यांनी सलाम फेरला आणि मी ओरडलोच.

"दुखत नव्हतं रे," ते म्हणाले.

धोका तिथेच होता. दुखणं आधी थांबतं, जोड फार नंतर धरतो.

"ओल्या भिंतीवर तुम्ही कधी रंग चढवलात का अब्बा?"

ते काही बोलले नाहीत. पट्टा बांधायला हात पुढे केला.

टाके टिकले, अल्लाहचे आभार. आता सात महिने झाले. हात कानाच्या पाळीपर्यंत पोचत नाही, खांद्याच्या जरा वर जातो. इमामसाहेब म्हणाले, जमेल तेवढा उचला. ते त्यांनी मानलं. छताला ब्रश लावायचा नाही, हे मात्र अजून मानलेलं नाही.